दोन टबांच्या मधली जागा

धुऊन, पिळून निघालेला पांढरा सदरा दोरीवर टाकताना त्यावर काळपट, ओलसर पापुद्रे चिकटलेले दिसतात. झटकले तर काही पडतात, काही कापडावर रेघ ओढून बसतात. असं झालं की घरात पहिला प्रश्न निघतो : ज्या मशीनमध्ये रोज पावडर पडते आणि रोज पाणी खेळतं, ते आतून घाण होतंच कसं? त्याच्या पाठोपाठ दुसरा : ते उघडून साफ केलं तर चालेल का, की शॉक बसेल?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मशीन आतून कसं आहे हे कळलं, की कुठला भाग आपण निर्धास्तपणे उघडावा आणि कुठल्या भागाला हात लावू नये, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. या प्रकरणात आपण वरून कपडे टाकायचं, फुल ऑटोमॅटिक, तळाशी फिरणारी चकती असलेलं मशीन घेऊ. आपल्याकडे टॉप लोड म्हणून विकलं जातं ते बहुतेक याच जातीचं असतं.

१. टब एक नाही, दोन

झाकण उघडलं की भोकाभोकांचा स्टीलचा टब दिसतो. पण भोकं असलेल्या भांड्यात पाणी राहील कसं? पाणी धरणारा टब वेगळाच असतो. तो प्लास्टिकचा असतो, स्टीलच्या टबाला बाहेरून वेढून असतो आणि आपल्याला कधीच दिसत नाही. बाहेरचा टब फिरत नाही, आतला फिरतो. धुण्याचं पाणी दोन्ही टबांत एकाच पातळीला उभं असतं, कपडे मात्र फक्त आतल्या टबात.

पापुद्र्यांचं मूळ या मधल्या फटीत आहे. आतल्या टबाची आतली बाजू कपड्यांनी रोज घासली जाते, म्हणून ती लखलखीत राहते. तिची पाठ आणि बाहेरच्या टबाची आतली भिंत यांना कधी कापड लागत नाही. तिथे न विरघळलेली पावडर, कपड्यांतून सुटलेलं सूत, अंगाचा तेलकटपणा साचतो. पाणी जड असेल तर आणखी भर पडते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. दोघांची गाठ पडली की खडूसारखा पांढरा साका तयार होऊन भिंतींना धरतो. या थरावर ओल आणि अंधार मिळाला की बुरशी येते. पावसाळ्यात हे लवकर होतं, आणि धुणं झाल्याबरोबर झाकण लावून टाकायची सवय असेल तर बाराही महिने होतं.

थर जाड झाला की पाण्याच्या हेलकाव्याने त्याचे तुकडे सुटतात, भोकांतून आत येतात आणि सदऱ्यावर दिसतात. म्हणजे पापुद्रे दिसू लागले तेव्हा थर धरायला सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो.

२. पाणी किती भरलं, हे मशीनला कळतं कसं?

टबात कुठे तरंगणारा गोळा नसतो, की पाण्यात बुडवलेली तार नसते. तरी पाणी ठरल्या पातळीला आपोआप थांबतं.

एक काचेचा पेला पालथा धरून पाण्याच्या बादलीत सरळ खाली दाबा. पेला पाण्याने भरत नाही. आत हवा अडकते. जितका खोल दाबाल तितकी ती हवा जास्त आवळली जाते आणि हाताला तेवढा विरोध जाणवतो. बाहेरच्या टबाच्या तळाशी असा एक छोटा बंदिस्त कप्पा असतो. त्यातून एक बारीक नळी वर, बटणांच्या पट्टीमागे जाते. टबात पाणी चढतं तशी कप्प्यातली हवा आवळली जाते आणि तो दाब नळीतून वरच्या सेन्सरला पोहोचतो. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाचा साधारण शंभरावा भाग. एवढासा फरक सेन्सरला ओळखायचा असतो.

आता दोन बिघाड आपोआप समजतात. कप्प्याच्या तोंडाशी सूत आणि साका अडकला, तर पाणी चढूनही दाब वर जात नाही. नळीला चीर पडली किंवा ती सेन्सरवरून निसटली, तरी तेच. दोन्ही वेळा मशीनला वाटतं पाणी कमीच आहे, आणि ते भरत राहतं. पाणी काठापर्यंत आलं की लोक थेट कार्ड, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, बदलण्याच्या खर्चाला तयार होतात. आधी ही नळी तपासून घ्यायला सांगावं.

उलट तक्रार म्हणजे पाणी भरायला तासभर लागतो किंवा भरतच नाही. इथे दोष पुष्कळदा मशीनचा नसतो. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो : टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या तोंडापेक्षा जितके मीटर वर, तितके ०.१ बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर गच्चीतली टाकी जेमतेम दोन मीटर असते, म्हणजे दाब ०.२ बार. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ बार लिहिला असेल, तर तीन मीटर उंची हवी. एक मीटर कमी पडतो. मशीन ठरावीक वेळ वाट पाहतं आणि चूक दाखवून थांबतं. अशा इमारतीत तळमजल्यावरच्या शेजाऱ्याचं तेच मशीन सुरळीत चालतं, याचं कारण एवढंच. पण पंप बसवायच्या आधी इनलेटची जाळी पाहा. ती पुढे येईलच.

३. एक मोटर, दोन कामं

धुताना तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, डावीकडे-उजवीकडे फिरते आणि स्टीलचा टब ब्रेकने धरलेला असतो. पिळताना पल्सेटर आणि टब एकमेकांना जोडले जाऊन एकत्र, एकाच दिशेने फिरतात. मोटर एकच. हा बदल खालचा क्लच करतो, आणि क्लचची दांडी ओढणारी छोटी ड्रेन मोटरच पाणी सोडण्याचा व्हॉल्व्हही उघडते. एका ओढीत दोन गोष्टी होतात : पाण्याला वाट मिळते आणि टबाचा ब्रेक सुटतो.

ही जोडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणीही जात नाही आणि टबही फिरत नाही, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर त्या दोन नाहीत. ड्रेन मोटर किंवा तिची तार, हा एकच संशयित. पाणी जात नाही पण ड्रेन मोटरचा आवाज येतो, तर वाटेत काहीतरी अडकलंय, किंवा बाहेरचा पाइप उंच धरला गेलाय. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी फेकणारा पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने उतरतं. पाइप उंबऱ्यावरून किंवा टाइलच्या कट्ट्यावरून वर चढवला की ते अडतं. आणि व्हॉल्व्हच्या रबरात एखादी हेअरपिन, नाडीचं टोक अडकलं तर तो पूर्ण मिटत नाही. भरलेलं पाणी झिरपत जातं, मशीन पुन्हा भरतं, आणि धुणं काही पुढे सरकत नाही.

पिळण्याच्या वेगाचा अंदाज घेऊ. टबाचा व्यास ४४ सेंटिमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे १३८ सेंटिमीटर. मिनिटाला ७०० फेरे म्हणजे टबाचा काठ मिनिटाला साधारण ९६६ मीटर धावतो, ताशी ५८ किलोमीटर. त्या काठाशी असलेल्या वस्तूला बाहेर ढकलल्यासारखा जो जोर जाणवतो, तो तिच्या वजनाच्या जवळपास १२० पट. कापडातलं दहा ग्रॅम पाणी तिथे सव्वा किलोच्या जोराने भोकांकडे रेटलं जातं. पिळा न घालता कपडे कोरडे होतात ते असे.

पण हाच हिशेब उलटाही लागतो. ओली चादर एका बाजूला गोळा झाली आणि तिकडे एक किलो जास्त भरलं, तर टबाला १२० किलोचा ओढा बसतो, आणि तो दर सेकंदाला जवळपास बारा वेळा दिशा बदलत फिरतो. मशीन जागा सोडून चालायला लागतं ते यामुळे. त्यावर दोन उपाय आतच केलेले असतात. बाहेरचा टब पत्र्याच्या पेटीला चार कोपऱ्यांतून, स्प्रिंग लावलेल्या सस्पेन्शन रॉडवर टांगलेला असतो. आणि आतल्या टबाच्या वरच्या काठाला जे जाड प्लास्टिकचं कडं दिसतं, ते पोकळ असून त्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. ठरावीक वेगापुढे हे पाणी जड बाजूच्या समोर जाऊन जमतं आणि तोल बराचसा सावरतं. मला या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग हा वाटतो : त्यात तार नाही, सेन्सर नाही, कार्डाचा हुकूम नाही. कडं हलवल्यावर पाण्याचा खळखळाट येतो, तो बिघाड नव्हे. ते फुटून मिठाचं पाणी गळून गेलं तर मात्र मशीन कपडे कमी असतानाही हादरू लागतं.

रेनकोट, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, ताडपत्री या वस्तू मशीनमध्ये पिळायला टाकू नयेत. त्यांच्या घडीत अडकलेलं पाणी बाहेर निघत नाही, आणि टबाने वेग धरल्यावर एकदम सुटलं तर कड्यातल्या पाण्याला तोल सावरायला सवडच मिळत नाही. ही नुसती भीती नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत सॅमसंगची सुमारे २८ लाख टॉप लोड मशिनं परत बोलावण्याची घोषणा झाली होती, कारण पिळताना हादऱ्याने वरचा भाग सुटून उडण्याचा धोका होता. तोपर्यंत जड पांघरुणं आणि वॉटरप्रूफ वस्तू सावकाश फेऱ्यावरच धुवा, असं ग्राहकांना सांगण्यात आलं.

४. हात घालण्याआधी : विजेचा हिशेब

ओलं अंग, ओली फरशी, पत्र्याची पेटी आणि २३० व्होल्ट. घरात हे चारही इतक्या जवळ फार कमी ठिकाणी येतात, म्हणून हा भाग घाईने वाचू नये अशी विनंती आहे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला तर तो पडेल,’ असं अनेक जण ठामपणे सांगतात. हिशेब करून पाहू. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर प्रवाह जातो. माणूस दगावायला एवढा पुरेसा आहे. १६ अँपियरचा एमसीबी पडायला १६,००० मिलिअँपियरच्या वर प्रवाह लागतो. त्याच्या दृष्टीने २३० मिलिअँपियर म्हणजे एखादा दिवा लावल्यासारखं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो; माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे तो सतत पाहतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी एवढी तूट दिसताच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत वीज तोडतो, कारण तूट म्हणजे प्रवाह कुठूनतरी जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या अंगातून. घरात तो नसेल तर बसवून घ्या. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरंच पडतो का ते पाहा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते, ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती मशीनच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. जुन्या इमारतींत आणि गावाकडच्या घरांत या तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. मशीनला ओला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ते बऱ्याचदा यामुळे. काही मशिनींत विजेतला खरखराट गाळणारा फिल्टर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंग असेल तर निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटाला जाणवतो. पण आत एखादी वायर खरोखर उघडी पडली असेल, तरी सुरुवात अशाच झिणझिण्यांनी होऊ शकते, आणि बोटाला यातला फरक कळत नाही. म्हणून झिणझिण्या आल्या की पायात चप्पल घालून काम चालवायचं नाही. कोरड्या हाताने, मशीनला न शिवता बोर्डावरचा स्विच बंद करायचा, प्लग काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

काही ठिकाणी अर्थची वायर नाही म्हणून सॉकेटमध्येच ती न्यूट्रलला जोडून देतात. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रलची वायर पुढे कुठे तुटली, तर मशीनचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही चूक : मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप असला तर ते अर्थिंगच नाही, आणि नसला तर शेजारच्या नळालाही वीज मिळते.

५. वरून करायची कामं

झाकणाच्या बाजूने पोहोचता येतं ते काम घरच्यांचं, पाठीमागचा पत्रा उघडावा लागतो ते जाणकाराचं, अशी हद्द मी आखतो. ही हद्द पाळली तर पापुद्र्यांपासून मंद भरण्यापर्यंत बहुतेक तक्रारी घरातच मिटतात.

आधी नळ बंद करा. मग मशीन क्षणभर पाणी भरण्यावर लावा, म्हणजे इनलेट पाइपातला दाब निघून जाईल. त्यानंतर प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण वायरिंग उलटं झालेल्या बोर्डात स्विच न्यूट्रलवर असू शकतो आणि मग बंद मशीनमध्येही फेज हजर असतो. प्लगची वायर डोळ्यांसमोर लोंबती ठेवा, म्हणजे दुसरं कुणी नकळत लावणार नाही.

इनलेट पाइप हाताने फिरवून सोडवा. खाली तांब्या धरा, थोडं पाणी येईल. व्हॉल्व्हच्या तोंडात छोटी जाळी असते. ती पकडीने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने घासा. टाकी धुतल्यानंतर, इमारतीचं प्लंबिंग झाल्यानंतर आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यानंतर ही जाळी हमखास तुंबते. परत लावताना रबरी वॉशर जागेवर आहे ना ते पाहा. सुताची पिशवी किंवा फिल्टर मात्र दर दोनतीन धुण्यांनी रिकामा करायचा. भरला की सगळं सूत त्या मधल्या फटीतच जातं.

फटीतला थर काढायला महिन्यातून एकदा रिकामं मशीन टब क्लीनवर लावा. बाजारातली डिस्केलिंग पावडर पाकिटावरच्या प्रमाणात घ्या. ती आम्ल असते, क्षार विरघळवते. बारीक बुडबुडे दिसतात ते कार्बन डायऑक्साइडचे. बुरशीसाठी काही जण ब्लीच वापरतात, आणि काही कंपन्यांच्या पुस्तिकाही ते सुचवतात. पण आम्ल आणि ब्लीच एकाच दिवशी, एकाच टबात कधीही नाही. दोघं एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो; बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लंच आहेत, ‘घरगुती’ म्हणून त्यांना सूट नाही.

एवढं करूनही वास आणि पापुद्रे राहिले तर पल्सेटर काढावा लागतो. पुस्तिकेत त्याला मनाई नाही ना, हे आधी पाहून घ्या. मधोमध एक टोपी असते, तिच्याखाली स्क्रू. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घट्ट दाबून फिरवा. लहान मापाचा घेतला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि साधं काम अवघड होऊन बसतं. पल्सेटरच्या समोरासमोरच्या भोकांतून मजबूत दोरीचे दोन फास घाला आणि दोन्ही सारख्या जोराने सरळ वर ओढा. स्क्रू किंवा पल्सेटर गंजून धरला असेल तर हातोडी मारू नका, तिथेच थांबा. खाली बहुधा काळी पडलेली नाणी, बटणं, सेफ्टी पिना आणि साक्याचा जाड थर मिळेल. ब्रशने घासून, पाण्याने धुऊन, स्क्रू पुरता पण बेताने आवळा. आत हात असताना स्टीलच्या काठांपासून सावध राहा; हातमोजे घातलेले बरे.

धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवलं तर हा सगळा खटाटोप बराच लांबतो. घरात लहान मूल असेल तर प्लग काढूनच उघडं ठेवा आणि मशीनजवळ स्टूल, बादली असं चढण्याजोगं काही ठेवू नका.

६. पाठीमागची कामं

मागच्या पत्र्याआड बेल्ट, मोटर आणि मोटरचा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहू शकते. इन्व्हर्टर मशीनच्या कार्डावर तर २३० व्होल्टची वीज ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी होऊन साठते. ती सुरक्षितपणे उतरवायची रीत कारागिराला माहीत असते. पाहून पाहून शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

मशीन तळाशी उघडं असतं आणि आत ऊब असते, म्हणून उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. तळाला बसणारी जाळी किंवा कव्हर मिळतं, ते जरूर लावून घ्या. काही दिवस बंद असलेल्या मशीनखाली लेंड्या दिसल्या तर ते सुरूच करू नका.

कारागिराला फोन करताना ‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगू नका. पाणी भरतं का, पल्सेटर दोन्हीकडे फिरतो का, पाणी जाताना खालून मोटरचा आवाज येतो का, पट्टीवर कोणता कोड दिसतो, हे सांगा. तो बरोबर भाग घेऊन येईल. झाकणाचा स्विच खराब निघाला आणि ‘तात्पुरता शॉर्ट करून देतो’ असं तो म्हणाला, तर नको म्हणा. झाकण उघडताच टब थांबणं त्या स्विचवर अवलंबून असतं, आणि ताशी ५८ किलोमीटरने फिरणारी ओली साडी हाताला गुंडाळली गेली तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. झाकण उघडल्यावरही टब बराच वेळ फिरत राहत असेल, तर ब्रेकचा पट्टा झिजला आहे. तोही बदलून घ्या.

एक तपासणी मात्र घरी करता येते. प्लग काढून रिकामा टब हाताने सावकाश फिरवा आणि काठ धरून हलवून पाहा. घरघर ऐकू आली किंवा टब शाफ्टवर खुळखुळत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि ते बहुधा वरचं सील गळून पाणी खाली उतरल्यामुळे. याच वेळी सील आणि बेअरिंग बदललं तर काम तेवढ्यावर भागतं. तसंच चालू ठेवलं तर शाफ्ट खाल्ला जातो, पुढे क्लचचा सगळा संच बदलावा लागतो, आणि जुन्या मशीनवर तेवढा खर्च करावा की नवं घ्यावं, याचा हिशेब मांडायची वेळ येते.